शिळं पाणी

आमच्याकडे सकाळी स्वयंपाकाच्या मावशी आल्या की त्यांचं पहिलं काम ठरलेलं, ओट्यावरचा माठ उचलायचा, रात्रीचं उरलेलं पाणी सिंकमधे ओतून द्यायचं, आतून हात फिरवून माठ विसळायचा आणि ताजं पाणी भरायचं. ही शिस्त सासूबाईंची. त्या मूळच्या चिपळूणकडच्या, माहेरी पहाटे विहिरीचं पाणी शेंदून भरायचं आणि कालचं माडाच्या, केळीच्या बुंध्यात घालायचं अशी रीत, शिळं पाणी प्यायचं नाही. पुण्यात फ्लॅटमधे आल्यावर विहीर गेली, माड गेले, केळी गेल्या, ओतायची रीत तेवढी राहिली. मी लग्नानंतर चौदा वर्षं हे रोज बघतेय आणि मला त्यात काही खटकलं नाही, हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढे मी उगाच शहाणी वाटायला नको.

मागच्या मार्चमधे आई आली लातूरहून, गुडघा दाखवायला. आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसच्या कॉलवर होते आणि किचनमधून आवाज आला, "अवो बाई, हे काय करायलात?" कॅमेरा बंद करून पळत गेले तर मावशींनी माठ अर्धा कलता केलेला आणि आईनी दुसऱ्या बाजूनी तो दोन्ही हातांनी धरून ठेवलेला, गुडघ्याला पट्टा, पदर खोचलेला.

मावशी म्हणाल्या, "शिळं झालंय ना आज्जी."

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. "पाणी? पाणी कधी शिळं होतंय का?"

मला हसू आलं आणि लगेच जिरलं, कारण आई चेष्टा करत नव्हती, तिला खरंच कळलं नव्हतं. शिळी भाकरी माहितीये, तिचे ती दुधात कुस्करून फार छान काला करते, शिळा भात फोडणीला जातो, पण शिळं पाणी हा शब्द तिच्या त्र्याहत्तर वर्षांत तिला कधी लागलाच नव्हता. आमच्या लातूरच्या घरात पाणी नवं किंवा जुनं असायचं. नवं म्हणजे नळ आला त्या दिवसाचं. जुनं म्हणजे चौथ्या दिवसाचं, सहाव्या, कधी दहाव्या. जुनं झालं की त्याला अजून जपायचं, कारण आता ते संपत आलेलं असायचं.

आमच्याकडे 'पाणी आलं' असं फार कमी म्हणतात, 'नळ आले' म्हणतात. नळ आले रे, अशी गल्लीच्या तोंडाशी हाक उठली की अख्खी गल्ली जागी, मग रात्रीचे दोन वाजले असोत नाहीतर सहामाहीचा गणिताचा पेपर असो. आधी पहिलं गढूळ पाणी बादलीत, ते संडासला. मग जरा निवळलं की टिपाडं, म्हणजे ते निळे मोठे ड्रम, ते वापरायच्या पाण्याचे. मग शेवटी एकदम नितळ यायला लागलं की पांढरं धोतर चौघडी करून नळाच्या तोंडाला बांधायचं आणि प्यायचे हंडे, घागरी, कळशा, स्टीलचे डबे, पातेली, फुलपात्रं पण, कारण पाणी जाईस्तोवर थांबायचं नाही हा नियम. धाकटी बहीण बडबडगीताच्या चालीवर मोजायची, सोळा हंडे झाले, सतरा झाले. पहाटे घरात पाय ठेवायला जागा नसायची, पाणीच पाणी, आणि आई त्या सगळ्याच्या मधे पाटावर बसून चहा प्यायची. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे असायचं ते मी नंतर फक्त दागिने करून आलेल्या बायकांच्या चेहऱ्यावर पाहिलंय.

नळ कधी आले ते बाबा कालनिर्णयवर लिहायचे. दुधाच्या खाड्यांच्या शेजारी निळ्या पेननी छोटा 'न'. दोन 'न' मधलं अंतर म्हणजे आमच्या घराचं कॅलेंडर, पाहुण्यांना कधी बोलवायचं, गोधड्या कधी धुवायच्या, केस कधी धुवायचे, सगळं त्यावर. बाबा एसटीत हिशेबनीस होते, त्यांना असल्या नोंदींची सवयच.

आता मधेच एक सांगते. दोन वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसात कुणीतरी तज्ज्ञ बोलावला होता, रोज रात्री तीन गोष्टी लिहा ज्यांच्याबद्दल तुम्हाला कृतज्ञ वाटतं, असं होतं ते, वहीपण दिली होती छान खादीच्या कव्हरची. मी एकवीस दिवस लिहिलं, नंतर कंटाळले. आई आल्यावर ती वही काढून पाहिली, तर कुटुंबाचं आरोग्य, कामातली संधी, संध्याकाळचं आकाश (हे तीनदा), मैत्रिणी, कॉफी. त्रेसष्ट ओळी. पाण्याचं नाव नाही कुठे. जी मुलगी सतरा हंड्यांच्या घरात मोठी झाली तिनी आकाश तीनदा लिहिलं! आणि मी ते खोटं लिहिलं नव्हतं हो, रात्री आठवायला बसलं की जे मधूनमधून मिळतं ते आठवतं, सकाळपासून पन्नास वेळा हाताखाली येऊन गेलेलं आठवतच नाही.

आईचं तसं नाही. माझा मुलगा झाला तेव्हा ती बाळंतपणाला इथेच होती आणि सव्वा महिना झाल्यावर म्हणाली, आड पुजायचा. आमच्याकडे बाळंतिणीनं सव्वा महिन्यानी आडाची नाहीतर विहिरीची पूजा करायची असते, त्यानंतर तिनं पाण्याला हात लावायचा. मी म्हटलं आई, तिसऱ्या मजल्यावर कुठला आड? तर तिनी किचनच्या नळाला हळदकुंकू लावलं, खाली सिंकमधे पाच खडे मांडले, खणाचा तुकडा तोटीला गुंडाळला आणि मला म्हणाली, डोकं टेक. सिंकवर डोकं टेकताना मला इतकं हसू येत होतं, नवऱ्यानी फोटो काढला, तो अजून फॅमिली ग्रुपवर कुणीतरी दरवर्षी टाकतं. कुंकवाचा डाग तोटीच्या खाचेत कितीतरी दिवस होता.

हाच मुलगा चार वर्षांचा असताना, २०१६ च्या एप्रिलमधे, आम्ही लातूरला गेलो.

त्या वर्षी लातूरचं नाव देशभर झालं होतं. मांजरा धरण, म्हणजे बीड जिल्ह्यातलं धनेगावचं, ज्याच्यावर शहर जगतं, ते कोरडं पडलेलं. मार्चमधे टँकर भरायच्या जागा आणि टाक्यांच्या आसपास १४४ लावलं होतं, पाचपेक्षा जास्त माणसं जमायची नाहीत, पाण्यासाठी जमावबंदी. फोन केला की हॅलोच्या आधी मी विचारायचे, पाणी? आणि आई म्हणायची, हाय हाय, भागायलंय. ती तसं म्हणाली की समजायचं की भागत नाहीये. म्हणून आम्ही गाडीच्या डिकीत वीस लिटरचे सहा कॅन भरून नेले, सव्वातीनशे किलोमीटर, पुण्याच्या नळाचं पाणी. माहेरी जाताना लोक मिठाई नेतात.

घरात शिरल्या शिरल्या मुलगा मोरीत गेला, नळ फिरवला आणि बाहेर येऊन म्हणाला, "आजी, तुमचा नळ बिघडलाय." तो नळ दीड महिना कोरडा होता. नळ फिरवला आणि काहीच झालं नाही असं त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं होतं, तो परत जाऊन उलटा फिरवून बघत होता बिचारा. आईनी त्याला मोठ्या परातीत उभं करून एका तांब्यात आंघोळ घातली, परातीतल्या पाण्यात त्याचे कपडे बुचकळले, त्याच पाण्यानी मोरी धुतली आणि उरलेलं संडासाच्या बादलीत. एक तांब्या पाणी चार कामं करून गेलं. आणि आम्ही नेलेल्या सहा कॅनपैकी दोन तिनी संध्याकाळी शेजारच्या बाळंतिणीच्या घरी पाठवले, मला न विचारता. मला राग आला होता तेव्हा, खरं सांगते. एवढ्या लांबून मी तुमच्यासाठी आणलंय, असं काहीतरी बोलून गेले. आई काही बोलली नाही.

त्याच दिवसांत रेल्वेनी पाणी आलं. मिरजेहून कृष्णेचं पाणी भरून पहिली गाडी निघाली ती १२ एप्रिलच्या पहाटे लातूरला पोचली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणतात हे माझ्या मुलाला तेव्हा बाबांनी सांगितलं आणि तो दोन दिवस वाघिणी पाणी घेऊन आल्या म्हणून सगळ्यांना सांगत होता. त्या टाक्या आधी राजस्थानात कोट्याला धुऊन साफ करून आणलेल्या. स्टेशनाजवळच्या मोठ्या विहिरीत ते पाणी उतरवायचं, तिथून पुढे शुद्धीकरणाला, मग टँकर, मग तुमच्या दारात घागर. बाबा बघायला गेले होते, आले आणि कालनिर्णयच्या मागे भागाकार करत बसले. पाच लाख भागिले चार लाख माणसं. "सव्वा लिटर," म्हणाले, "माणशी एक बिसलरी आणि वर दोन घोट." नंतर पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली, पंचवीस लाख लिटर, तेव्हा परत केला भागाकार, माणशी सव्वासहा. आपण फ्लशचं बटण एकदा दाबतो त्याला कधीकधी याच्यापेक्षा जास्त लागतं. हे बाबा नव्हते म्हणाले, हे माझं.

लोक मला अजून विचारतात, तुमच्या लातूरला पाणी नाही तर ऊस कशाला लावता? आधी राग येतो, मग पटतं, मग परत राग येतो. कारण हे खरं आहे की त्या वर्षांत शिवारात ऊस होता आणि गल्लीत हंडे रिकामे होते, बोअर सहाशे, आठशे फूट खाली चाललेले, खाली सगळा काळा पाषाण, त्याच्या भेगाबिगांत जे पाणी साठतं तेवढंच, आणि तेही आपण दहा वर्षांत उपसून मोकळं केलेलं. पण विचारणारा माणूस चहात दोन चमचे साखर घालून विचारत असतो.

असो. तर पुणं. पुण्यात आल्यावर मला पहिलं वर्षभर पेपरात टीएमसी हा शब्द कळायचा नाही. जुलैत सगळे तेच बोलतात, किती टीएमसी झालं. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, चार धरणं मिळून २९.१५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, लिटरमधे सुमारे २८३२ कोटी. आई इथे होती तेव्हा एका दुपारी मी बाबांसारखा भागाकार केला. पंचवीस लाख लिटरची ती गाडी, तशा किती गाड्या म्हणजे एक टीएमसी? अकरा हजार तीनशेच्या वर. रोज एक गाडी धरली तर एकतीस वर्षं. आणि इथे एका चांगल्या पावसाच्या आठवड्यात धरणांत दोन-तीन टीएमसी वाढलं तर आपण व्हॉट्सॲपवर अंगठा टाकून पुढे जातो, आणि खडकवासल्यातून विसर्ग सोडला की भिडे पुलावर पाणी चढलेलं बघायला सहकुटुंब जातो, कणीस खात.

आईला हे सांगितलं तर तिनी विचारलं, "ते पाणी जिथं साठतंय तिथं कोण राहायचं?" म्हटलं, गावं होती, मोसे नदीच्या खोऱ्यात, आंबी नदीच्या खोऱ्यात, मावळातली, पाण्याखाली गेली, उठवली लोकांना. पानशेतचं तर १९६१ साली, १२ जुलैला, बांधकाम पूर्ण व्हायच्या आधीच धरण फुटलं, खालचं खडकवासलाही गेलं, निम्मं पुणं पाण्यात. नदीकाठच्या पेठांमधे पुराची रेषा अजून दाखवतात म्हातारी माणसं. मग परत बांधली धरणं. आई म्हणाली, "म्हणजे तुझ्या नळाला त्या लोकांच्या घरावरनं पाणी येतंय." माझ्याकडे यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. मी चहा ठेवला.

तिची आई, म्हणजे माझी आज्जी, गेली २००४ मधे. ती कायम सांगायची, बहात्तरच्या दुष्काळात पाणी होतं, दाणा नव्हता, आता दाणा आहे आणि पाणी नाही. मराठवाड्यात कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, हेच सांगेल. लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, खडी फोडायची कामं, सुकडी, पण आडाला पाणी होतं म्हणे, पोहऱ्याला चाळीस हात दोर लागला तरी येत होतं. आज्जीला त्या आडाचा फार अभिमान. मी कॉलेजला होते तेव्हा, म्हणजे नुकतंच चार पुस्तकं वाचून डोकं तापलेलं असतं ते वय, तेव्हा मी तिला विचारलं होतं, सगळे भरायचे का गं त्या आडावर? आज्जी जरा थांबली. मग म्हणाली, "पलीकडच्या वस्तीतल्या बाया यायच्या की. खाली घागरी मांडून बसायच्या. आम्ही वरून वाढायचो." वाढायचो, जेवण वाढतात तसं. "आणि कुणी वाढायला नसलं तर?" "थांबायच्या." महाडला चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलं ते २० मार्च १९२७ ला. तळं सगळ्यांना खुलं केल्याचा नगरपालिकेचा ठराव तर त्याच्याही आधीचा. आणि आमच्या आज्जीच्या गावात पंचेचाळीस वर्षांनंतरसुद्धा बायका भरलेल्या आडाखाली रिकाम्या घागरी घेऊन थांबायच्या. भरपूर होतं पाणी, आज्जी खोटं नव्हती सांगत. पण ती आठवण जेव्हा जेव्हा काढायची तेव्हा त्यात तिचा पोहरा, तिचा दोर, थंडगार पाणी एवढंच असायचं, खाली बसलेल्या बायका मी विचारल्यावरच आल्या.

हे मला आठवलं ते मावशींमुळे. माठाच्या भांडणानंतर चार-पाच दिवसांत आईची आणि त्यांची गट्टी जमली, मावशी निघाल्या उस्मानाबादकडच्या, म्हणजे आता धाराशिव, दोघींची बोली एक, मला बाजूला टाकून त्यांचं चालायचं. त्यातनं कळलं की मावशी राहतात त्या बाजूला, गावाबाहेर जिथे नुसत्या बिल्डिंगा उगवल्यात, त्यांच्या खोल्यांना मिळून एकच नळ, दिवसाआड तासभर, बाकी टँकर, आणि टँकरचे पैसे प्रत्येक खोलीनी काढायचे. भाजी धुतलेल्या पाण्यानी त्या फरशी पुसतात. तांदळाचं धुवण भांड्याला. सहा वर्षं मावशी माझ्याकडे रोज सकाळी चार-पाच लिटर चांगलं पाणी सिंकमधे ओततायत आणि संध्याकाळी घरी जाऊन नळाच्या रांगेत हंडा लावतायत. मी म्हटलं, मावशी, मग बोलला का नाहीत हो कधी? त्या कणीक मळता मळता म्हणाल्या, "तुमच्या घरची रीत हाय ताई. आन हितं काय, नळ सोडला की पाणी."

आईनी माझ्याकडे पाहिलं नाही, हे तिचे उपकार.

मग आईचं राज्य सुरू झालं. सिंकखाली एक बादली आली. डाळ-तांदूळ धुतलेलं, भाजीचं, माठातलं, आरओ मशीनच्या पांढऱ्या नळीतून जे फुकट जातं ते (ते बघून तर ती खुर्चीवर बसलीच, पाणी शुद्ध करायला पाणी फेकायचं?), सगळं त्या बादलीत. सासूबाईंना वाटलं आता काहीतरी बोलणं होणार, पण त्या म्हणाल्या, आमच्याकडे झाडांनाच घालायचे की, आणि बादली बाल्कनीत न्यायला नवऱ्याला लावलं. पाऊस एवढा पडायचा आमच्या गावात, त्या सांगत होत्या, पण मे महिन्यात विहीर तळाला गेली की आम्हीपण जपूनच. चिपळूणकडे मेमधे टँकर येतो हे आईला पटेना. दोन विहीणबाया पाऊण तास कुणाकडे जास्त हाल यावर चढाओढ करत होत्या, मी मधे पडले नाही.

आई महिन्यानी परत गेली. गुडघा बरा आहे. लातूरला आता मांजरा भरलेलं असलं तरी नळ रोज नाही येत, आणि बाबा गेल्यापासून कालनिर्णयवर 'न' ती लिहिते. माठातलं पाणी आम्ही आता ओतत नाही, म्हणजे मावशी विचारतात, कालचंच राहू दे ना? आणि मी हो म्हणते. त्या जाताना दोन कॅन भरून नेतात, लिफ्टमधे वॉचमन मदत करतो. हे मी आधी सुचवायला हवं होतं, सुचलं नाही, त्यांनीच आईला विचारलं आणि आईनी मला न विचारता हो म्हणून टाकलं. यावेळी मला राग आला नाही.

बादलीचं मात्र एक झालं. रोज दोन वेळा बादलीभर पाणी आणि बाल्कनीत कुंड्या पाच. जून उजाडेपर्यंत तुळस पिवळी पडली, मग पानं काळी, मग एके दिवशी हातात घेतली तर मुळासकट वर आली, खाली नुसता चिखल. नर्सरीवाला म्हणाला, मॅडम, पाणी कमी करा, मुळं कुजलीत. मी घाबरत घाबरत आईला फोन केला, म्हटलं तुझी तुळस गेली गं.

"कशानं गेली? वाळली?"

"नाही, पाणी जास्त झालं."

बराच वेळ काही आवाज नाही. मग ती हसायला लागली, इतकी की तिला ठसका लागला, आणि मागून कुणालातरी ओरडून सांगितलं, "अगं, पाणी जास्त होऊन मेली म्हणे! आपल्या घरात पहिलीच!" आणि मग म्हणाली, थांब, ठेवते, नळ आलेत.